अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत वकिली करणाऱ्यांनी सततच्या शिक्षणाचे नियोजन कसे करावे

आधी आपल्या राज्याचा नियम पाहावा, कारण सततच्या शिक्षणाचे, म्हणजे सनद टिकवण्यासाठी वकिलांना ठरावीक काळाने पूर्ण कराव्या लागणाऱ्या अभ्यासक्रमांचे, तास मुख्यतः सनद देणारे राज्य ठरवते. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलाला दर दोन वर्षांत 24 क्रेडिट (अभ्यासक्रमाच्या तासांचे एकक) पूर्ण करावी लागतात, त्यांपैकी किमान 4 व्यावसायिक नीतिमत्तेची. टेक्सासमध्ये वर्षाला 15 तास लागतात. महाराष्ट्रातून एलएलएमसाठी जाऊन तिकडेच सनद घेतलेल्यांना हा हिशेब नवा वाटतो, म्हणून तो पहिल्याच महिन्यात लिहून ठेवावा.

मात्र तास भरणे वेगळे आणि तयारी वेगळी. संघीय न्यायालयांच्या नियमांतील दुरुस्त्या साधारणपणे 1 डिसेंबरला अमलात येतात, तेव्हा निदान एक अभ्यासक्रम त्या सुमारास, केवळ नव्या दुरुस्त्यांवरचा निवडावा. संघीय न्यायालयांच्या पुराव्याच्या नियमांपैकी तज्ज्ञांच्या साक्षीविषयीच्या नियम 702 चेच पाहा: 2023 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले, की तज्ज्ञाची साक्ष नियमाच्या कसोट्यांना उतरण्याची शक्यता न उतरण्यापेक्षा अधिक आहे, हे ती मांडणाऱ्या पक्षानेच न्यायाधीशांना पटवून द्यायचे आहे. जुन्या टिपणांवर विसंबून अर्ज लिहिणाऱ्या वकिलाच्या चुकीची किंमत त्याचा अशील मोजतो, आणि हे मला अक्षम्य वाटते. ज्या व्याख्यानात प्रत्यक्ष अर्जाचा मसुदा ओळीओळीने तपासला जातो, तेच घ्यावे. त्याच्या जोडीला आपल्या जिल्हा न्यायालयाचे स्थानिक नियम आणि न्यायाधीशांचे वैयक्तिक आदेश वाचावेत. फेडरल ज्युडिशियल सेंटर या संघीय न्यायव्यवस्थेच्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे बरेच साहित्य विनामूल्य मिळते.

प्रमाणपत्रे जपून ठेवावीत; न्यूयॉर्कमध्ये ती किमान 4 वर्षे सांभाळावी लागतात.