जुन्या आगबोटीवरील भाररेषा कशी वाचावी

आगबोट मालाने किती खोल बुडू द्यायची याची मर्यादा दाखवणारी खूण म्हणजे भाररेषा. आगबोटीच्या कुशीवर रंगवलेले तिचे वर्तुळ चटकन नजरेत भरते, परंतु वाचनाची सुरुवात त्याच्या वरून करावी. बोटीच्या लांबीच्या साधारण मध्यावर, डेकच्या पातळीला, १२ इंच लांब आणि १ इंच रुंद अशी एक एकटी आडवी पट्टी असते. या डेकरेषेपासून खालच्या वर्तुळाच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे ठरवून दिलेला फ्रीबोर्ड, म्हणजे डेक पाण्याच्या किती वर राहायला हवा ते माप. खाऱ्या पाण्यात, उन्हाळी मोसमात माल भरताना डेकची पाण्यापासूनची उंची याहून कमी होऊ द्यायची नाही. वर्तुळाचा व्यास १२ इंच असतो आणि त्याला छेदणारी रेषा १८ इंचांची.

त्यानंतर वर्तुळाच्या पुढे, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या बाजूला, शिडीसारख्या दिसणाऱ्या रेषा पाहाव्यात. 'एस' ही उन्हाळ्याची रेषा वर्तुळाच्या मध्याच्याच पातळीला असते, तिच्याखाली हिवाळ्याची 'डब्ल्यू' आणि सर्वांत खाली उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याची 'डब्ल्यूएनए', कारण समुद्र जितका खवळलेला तितकी बोट पाण्याबाहेर अधिक हवी. गोड्या पाण्याची रेषा मात्र 'एस'च्या वर असते: गोडे पाणी हलके असल्यामुळे नदीतल्या बंदरात बोट अधिक बुडते आणि समुद्रात शिरताच आपोआप उचलली जाते.

बोटीचा काळ ताडण्यासाठी 'एस'च्या वरची रेषा उपयोगी पडते. तेथे 'आयएस', म्हणजे हिंदी महासागरातील शांत मोसमाची खूण, असेल तर ती जुन्या ब्रिटिश नियमांची समजावी. १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर तिची जागा उष्ण कटिबंधाच्या 'टी'ने घेतली. वर्तुळाच्या दोन्ही अंगांना असलेली 'एल' आणि 'आर' ही अक्षरे फ्रीबोर्ड ठरवून देणाऱ्या लॉइड्स रजिस्टरची असतात.

फार जुन्या छायाचित्रांवर मात्र सावधपणे विसंबावे. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांच्या झगड्यातून १८७६ साली ब्रिटनमध्ये ही खूण सक्तीची झाली खरी, पण ती कुठे काढायची हे १८९० च्या कायद्यापर्यंत मालकाच्याच हाती होते. म्हणजे कायदा होता आणि नव्हताही. त्या १४ वर्षांतले वर्तुळ पाण्याच्या बरेच वर दिसले, तरी बोट सुरक्षित भरली होती असे त्यावरून म्हणता येत नाही.

बोट प्रत्यक्ष पाण्यात असेल तर एकाच बाजूवरून निष्कर्ष काढू नये. ती किंचित कललेली असली तरी एका कुशीची रेषा बुडते आणि दुसरीची वर येते, म्हणून दोन्हीकडची मापे घेऊन सरासरी काढावी; लाटा असतील तर प्रत्येक बाजूला लाटेचा माथा आणि तळ यांच्या मधली पातळी धरावी. रंग उडालेला असल्यास पत्र्यावरून हाताचे बोट फिरवून पाहावे: या खुणा पोलादात कोरलेल्या किंवा ठोकलेल्या असल्याने बहुधा हाताला लागतात.