रोजच्या ये-जा करायला स्कूटर की बाइक? आधी रस्ता, मग शोरूम

स्कूटर की बाइक, हा निर्णय बरेच जण शोरूममध्ये उभं राहून घेतात आणि तिथेच फसतात. शोरूमची फरशी गुळगुळीत असते, सिग्नल नसतो, पाठीवर लॅपटॉपची बॅग नसते. त्यामुळे आधी रोजचा रस्ता नीट बघा. एका बाजूचं अंतर किती, थांबून पुन्हा निघावं लागतं अशा जागा किती, खराब रस्त्याचा पट्टा किती लांब, आणि मागच्या सीटवर कोण किंवा काय असतं, हे लिहून काढा. मोजणी कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला करा. सुट्टीच्या सकाळी तोच रस्ता वेगळा वाटतो.

पुढचं सगळं १०० ते १२५ सीसीच्या पेट्रोल गाड्या समोर ठेवून लिहिलं आहे, कारण रोजच्या वापराला बहुतेक जण याच घेतात.

थांबे किती, ते आधी मोजा

बाइकवर एका सिग्नलला क्लच एकदाच दाबून भागत नाही. रांग पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. एका बाजूला ३० थांबे आणि प्रत्येक थांब्याला सरासरी चार वेळा क्लच धरला, तर जाऊन-येऊन २४० वेळा डावी मूठ आवळली जाते. मनगट किंवा अंगठ्याचा सांधा आधीच कुरकुरत असेल, तर स्कूटरच्या बाजूने एवढं एकच कारण पुरेसं आहे.

त्यात गर्दीत अर्धा क्लच धरून गाडी सरकवायची सवय लागते. तेव्हा क्लच प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, तापतात आणि वेळेआधी संपतात. लक्षण सोपं आहे: चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही. केबल फार ताणलेली असेल तरी हेच होतं, म्हणून लीव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल राहू द्यावी.

स्कूटरमध्ये हे काम बेल्ट आणि सेंट्रिफ्यूगल क्लच करतात. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात, आणि गाडी सुटते. सोय मोठी आहे, पण फुकट मिळत नाही. बेल्टमधून ताकद थोडी वाया जाते, त्यामुळे त्याच सीसीच्या बाइकपेक्षा ॲव्हरेज कमी पडतं. उतारावर इंजिनचा रोधही, म्हणजे इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं तो, कमी मिळतो. वेग अगदी उतरला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळू लागते. लांब घाटउतारावर नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ब्रेकचे ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. अशा उतारावर सुरुवातीलाच वेग कमी ठेवा. गाडी मोकळी धावतेय असं वाटलं तर अ‍ॅक्सिलरेटर जरासा पिळून सोडा. क्लच धरतो आणि थोडा रोध परत मिळतो. बाइकवर दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात की हा प्रश्न फारसा येत नाही.

ठोकताळा असा: दर किलोमीटरला दोनपेक्षा जास्त थांबे असतील तर स्कूटरकडे झुका. दोन-तीन किलोमीटरला एखादाच थांबा असेल, तर गिअरचा त्रास तुम्हाला जाणवणारही नाही.

चाकाचा आकार: खरा फरक इथे आहे

लोक सीसी आणि रंग बघतात. चाकाकडे फारसं कुणी बघत नाही, आणि पाठ मात्र रोज चाकाचीच किंमत मोजते.

टायरवरचे आकडे वाचा. स्कूटरच्या मागच्या टायरवर बऱ्याचदा ९०/१००-१० असं लिहिलेलं असतं: रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १० इंच. हिशेब केला तर अख्ख्या चाकाचा व्यास साधारण ४३ सेंटिमीटर येतो. बाइकच्या ८०/१००-१८ टायरचा व्यास येतो जवळपास ६२ सेंटिमीटर. आता रस्त्यात २० सेंटिमीटर लांबीचा खड्डा धरा. त्यावरून हळू जाताना लहान चाक सुमारे अडीच सेंटिमीटर खाली जातं, मोठं चाक पावणेदोनच्याही आत राहतं. खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला लहान चाक जास्त उभं आदळतं, आणि तो दणका आधी रिमला आणि मग कमरेला पोचतो. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकालाच जोडलेलं असतं आणि चाकासोबत वर-खाली होतं. त्या वजनामुळे मागचा शॉकअप चाकाला पटकन सावरू शकत नाही. रस्ता खराब असला की स्कूटरची मागची बाजू नाचते, ती यामुळे.

पुढचं चाक १२ इंची असलेली स्कूटर १० इंचीपेक्षा बरीच बरी. पुढे टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा शॉकअप आहे का, तेही बघा. दोन स्कूटरमध्ये अडला असाल तर डिजिटल मीटर सोडून ही दोन कलमं आधी तपासा.

लहान चाक जास्त फिरतं, हा दुसरा हिशेब. एका किलोमीटरला ४३ सेंटिमीटरचं चाक सुमारे ७३० फेरे घेतं, ६२ चं साधारण ५१५. टायर तेवढाच लवकर झिजतो, आणि हवा कमी असली की लवकर तापतो. म्हणून स्कूटरची हवा आठवड्याला तपासा. डबलसीट जायचं असेल तर मागच्या टायरची हवा वेगळी असते, तिचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. हवा कमी असताना स्कूटर वळणावर आधी ‘पोहते’, मग हँडल हलकं थरथरायला लागतं. त्यातच मागे जड टॉप बॉक्स बसवला असेल तर पुढचं चाक हलकं होऊन थरथर वाढते.

खराब पट्टा रोजच्या वाटेच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असेल, किंवा रोज मोकळ्या हायवेवर ६०-७० च्या वेगाने, शेजारून ट्रक जात असताना चालवायची असेल, तर बाइक घ्या. आडवा वारा दोघींनाही लागतो, पण मोठं चाक सरळ रेषा जास्त धरून ठेवतं.

ब्रेक

बाइकवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा उजव्या पायाला. स्कूटरवर दोन्ही हातात. यातून स्कूटरवाल्यांना एक वाईट खोड लागते: उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर, म्हणून कायम डावा ब्रेक. डावा ब्रेक मागच्या चाकाचा. ब्रेक लागताना वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि ओल्या रस्त्यावर ते लॉक होऊन आडवं जातं. कॉम्बी ब्रेक असलेल्या स्कूटरमध्ये डावा लीव्हर दाबला की थोडा जोर पुढेही जातो. तरी दोन्ही लीव्हर एकत्र, आधी हलके मग घट्ट, हीच पद्धत अंगवळणी पाडा. बजेट बसत असेल तर पुढचा डिस्क घ्या, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) मिळत असेल तर तोही. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ब्रेक लागत नाहीत असं वाटलं, तर हळू वेगात ब्रेक किंचित धरून शंभर-दोनशे मीटर चालवा, म्हणजे शू वाळतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर: स्कूटरच्या बेल्टच्या खोक्याला थंड हवा लागते, आणि त्या वाटेने साचलेलं पाणी आत गेलं की बेल्ट घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. वाटेत गुडघाभर पाणी साचतं अशी जागा असेल तर हा मुद्दा बाइकच्या खात्यात टाका.

देखभाल कुणाच्यानं होते?

बाइकची चेन उघड्यावर असते आणि तिला तुमचा वेळ लागतो. दर ५०० किलोमीटरला, आणि चिखलातून आल्यावर लगेच, पुसून वंगण द्यायचं. ढिलाई मधोमध मोजायची: चेन बोटाने वर-खाली केल्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल लागली तर चेन असमान ताणली गेली आहे, तिला ओढून उपयोग नाही. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूला हुकासारखे वाकलेले दिसले की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायचे. जुन्या दातांवर नवी चेन टाकून पैसे वाचत नाहीत.

स्कूटरला ही रोजची कटकट नाही, पण बिघाड अचानक समोर येतो. बेल्ट झाकणाच्या आत असतो, म्हणून कुणी बघत नाही. बहुतेक कंपन्या २० ते २५ हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगतात. बेल्ट तुटला की गाडी जागेवर थांबते आणि ढकलण्याशिवाय पर्याय राहत नाही. त्यामुळे साधारण १२ हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला झाकण उघडून घ्या. बेल्टच्या आतल्या खाचांत भेगा आहेत का, रोलर (वेगानुसार बेल्टची जागा बदलणारे आतले छोटे गोल तुकडे) एका बाजूला चपटे झालेत का, ते समोर उभं राहून बघा. रोलर चपटे झाले की पिकअप मरतो आणि ठरावीक वेगाला गाडी अडल्यासारखी वाटते. निघताना गाडी धडधडत सुटत असेल तर क्लच शू आणि त्यांचा ड्रम साफ करायला सांगा. आणखी एक गोष्ट सर्व्हिसमध्ये हमखास राहते: इंजिन ऑइलशिवाय स्कूटरच्या मागच्या गिअरबॉक्समध्ये साधारण १०० ते १२० मिलिलिटर वेगळं गिअर ऑइल असतं. तेही बदललं का, हे विचारा.

बॅटरी उतरली तर बाइक दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ढकलत सुरू करता येते. स्कूटर ढकलून सुरू होत नाही, त्यामुळे किक असलेली घेणं शहाणपणाचं. काही नव्या स्कूटरना किकच नसते. पंक्चरचंही तसंच. बऱ्याच स्कूटरचं मागचं चाक काढायला सायलेन्सर सोडवावा लागतो, म्हणून ट्यूबलेस टायरच हवेत.

पेट्रोलचा हिशेब

रोज ३० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. स्कूटर ४५ ची ॲव्हरेज देत असेल तर १६.७ लिटर, बाइक ६० ची देत असेल तर १२.५ लिटर. फरक महिन्याला चार लिटरच्या आसपास, वर्षाला ५० लिटर. याला तुमच्याकडच्या दराने गुणा. रोजची धाव १० किलोमीटर असेल तर फरक एक तृतीयांशावर येतो, आणि तेवढ्यासाठी स्कूटरची सोय सोडणं पटत नाही. टाकीही लक्षात घ्या: स्कूटरची पाच-सहा लिटरची, बाइकची नऊ ते बारा. पंप वाटेवर नसेल तर हे जाणवतं.

सामान, कपडे, उंची

स्कूटरचा फुटबोर्ड आणि सीटखालची डिक्की यांना बाइककडे उत्तर नाही. जड पिशवी पायापाशी, खाली राहते, तोल बिघडत नाही. पण डिक्कीत पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट बसतंच असं नाही, स्वतःचं हेल्मेट घेऊन जा आणि टाकून बघा. डिक्कीच्या खाली इंजिन असतं, त्यामुळे औषधं किंवा चॉकलेट तिथे ठेवू नका. लांब, घोळदार कपडे घालणाऱ्यांना आणि गुडघा उचलून पाय पलीकडे टाकणं जड जाणाऱ्यांना स्कूटर सरळ सोयीची.

सीटची उंची नुसत्या आकड्यावर ठरवू नका. स्कूटरची सीट रुंद असते, पाय फाकतात आणि बुटक्या माणसाचे तळवे टेकत नाहीत. त्याच उंचीच्या अरुंद सीटच्या बाइकवर टेकू शकतात. उंच माणसाची अडचण उलटी: स्कूटरचं हँडल पूर्ण वळवलं की ते गुडघ्याला लागतं.

टेस्ट राइड अशी घ्या

किमान २० मिनिटं मागा, आणि त्यात या गोष्टी कराच. हँडल पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना यू-टर्न घ्या. गुडघा अडकतो का ते कळतं. गाडी बंद करून चढावर पाच-सहा पावलं मागे ढकला, पार्किंगमध्ये हेच करायचं आहे. मेन स्टँडवर स्वतः लावा, सेल्समनला लावू देऊ नका. रोज मागे बसणाऱ्या माणसाला बसवून एका स्पीडब्रेकरवरून जा, शॉकअप तळाला आपटला तर तो आवाज ऐकू येतो. चालण्याच्या वेगाने दहा-पंधरा मीटर सरळ रेषेत चालवा. शेवटी त्यातल्या त्यात वाईट रस्ता शोधा आणि ४० च्या वेगाने त्यावरून न्या.

दोघांनी मिळून एकच गाडी वापरायची असेल तर दोघांनीही ही राइड घ्या. एकाला गिअर येत नसेल आणि शिकायचंही नसेल, तर वरचा बराचसा हिशेब बाजूला पडतो. मग १२ इंची पुढचं चाक, डिस्क ब्रेक आणि किक असलेली स्कूटर शोधायला लागा.