वचनातला ‘तू’ कोण?

दररोज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला नुकतीच सुरुवात केलेली आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुले-मुली दोन-तीन महिन्यांतच येऊन सांगतात की वाचन नेमाने होते, पण जगण्यात काही उतरत नाही. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी नागपुरात मोहननगरला राहते आणि एका इस्पितळात स्टाफ नर्स आहे. रोजच्या वाचनाला मला अकरा वर्षे झाली. त्यांतली पहिली सहा वर्षे मी मनापासून वाचत होते आणि तरीही चुकत होते, ही गोष्ट आजही मला सहज सांगता येत नाही.

वेळापत्रकाविषयी फार लिहीत नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे. सहासष्ट पुस्तके, ११८९ अध्याय, म्हणजे वर्षभरात संपवायचे तर दिवसाला तीनाहून थोडे अधिक. मी सुरुवात केली ती स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी आखलेल्या क्रमाने. त्यात रोज चार अध्याय असतात आणि वर्षात जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. क्रम उत्तम आहे, परंतु नाईट ड्युटी संपवून सकाळी घरी आलेल्या माणसाला चार अध्याय डोळ्यांखालून घालणे एवढेच जमते. मी अध्याय संपवून वहीत खुणा करत राहिले आणि त्या खुणांनाच भक्ती समजले.

खरा सापळा मात्र वेगळा होता. आई लकव्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा तीन वर्षे ती माझ्याकडे होती. ताई कामठीला राहते. ती रविवारी दुपारी यायची आणि संध्याकाळी जायची. त्या काळात सकाळचे वाचन उघडले की प्रत्येक पानावर मला ताई दिसू लागली. निर्गम या पुस्तकातील विसाव्या अध्यायात ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ हे वचन आले, ते मी तिला पाठवले. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे; तेही मी आईची पाठ पुसून झाल्यावर, रागाने थरथरत, तिला पाठवले. त्या वेळी मला वाटत होते की मी वचन जीवनाला लावते आहे. आई गेल्यावर आमचे बोलणे बंद झाले आणि वर्षभराने मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातली तेविसावी-चोविसावी वचने वाचनात आली: दान अर्पण करायला वेदीजवळ गेल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पावे. मी हेही ताईलाच पाठवले.

ही हकिगत मी मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, तक्रारीच्या सुरात सांगितली. त्यांनी माझ्यासमोर पुस्तक उघडून ठेवले आणि शाळेत व्याकरण विचारावे तसे विचारले, ‘या वाक्यात वेदीजवळ कोण उभे आहे? आणि कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही आहे?’ मी तीनदा वाचले. माझ्या मनात ताईविरुद्ध काय आहे, हे त्या वाक्यात विचारलेलेच नव्हते. ताईच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, एवढेच विचारले होते, आणि त्याचे उत्तर मला चांगले ठाऊक होते. शेवटच्या आठवड्यात आईला इस्पितळात हलवण्याचा निर्णय मी तिला न विचारता घेतला होता, फोन उशिरा केला होता आणि तिला आईशी शेवटचे बोलता आले नव्हते. मी नर्स आहे, मला कळते, या एका वाक्यावर मी तिचे सारे म्हणणे बंद करून टाकले होते.

म्हणून मी कळकळीने सांगते की कोणतेही वचन जीवनाला लावण्याआधी त्यातला ‘तू’ कोण आहे, हे बोट ठेवून शोधा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट नाथान संदेष्टा, दुसऱ्याची बायको हिरावून घेतलेल्या दावीद राजाला सांगतो, तेव्हा दावीद संतापतो आणि चौपट भरपाईचा निवाडाही देतो. गोष्ट त्याला पूर्ण समजलेली असते, फक्त तो माणूस आपणच आहोत हे तेवढे समजलेले नसते. इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय घरोघरी असाच वाचला जातो. पत्नीने अधीन असावे हे वचन पतीला पाठ असते आणि पतीने प्रीती करावी हे पत्नीला, जरी प्रत्येकाला लिहिलेला मजकूर त्याच्या नावानेच सुरू होतो आणि त्याआधी एकविसाव्या वचनात सर्वांनीच एकमेकांच्या अधीन राहावे असे म्हटलेले आहे.

इथे एक इशारा स्पष्ट शब्दांत देणे मला भाग आहे. ज्या घरात मारहाण होते, तिथल्या बाईला समेटाचे हे वचन दाखवून परत पाठवू नका. इस्पितळात अशा जखमांवर मी पट्ट्या बांधल्या आहेत, आणि दुसऱ्याच्या हाती वचन देऊन त्याला ढकलणे हीच तर माझी स्वतःची चूक होती.

आता मी काय करते ते सांगते. चार अध्यायांऐवजी एकच वाचते, आणि आज रात्रीपर्यंत मला करता येईल असे एकच काम वहीत लिहिते. त्या ओळीत दुसऱ्या कोणाला उपदेश आला तर ती खोडते. लेवीय हे पुस्तक वाचताना बहुतेक जण कंटाळतात, मीही कंटाळत असे. पण त्याच्या एकोणिसाव्या अध्यायातील तेराव्या वचनात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असे आहे. माझ्याकडे भांडी-धुणे करणाऱ्या बाईंचे पैसे माझा पगार होईपर्यंत, कधी सात-आठ दिवस, राहत असत. त्या दिवसापासून ते एक तारखेला, माझ्या बचतीतून का होईना, दिले जातात. वाचन जगण्यात उतरणे म्हणजे माझ्या लेखी बहुतेक वेळा एवढेच असते, आणि ते कमी आहे असे समजून खचू नका.

अभिवचनांच्या डबीतून रोज एक चिठ्ठी काढणे, सकाळी फुलांच्या चित्रावर छापलेले वचन पुढे पाठवणे, मोबाइलवर सलग किती दिवस वाचले याचा आकडा सांभाळणे, या गोष्टींवर माझा विश्वास उरलेला नाही. डबीत मागचे-पुढचे वाक्य नसते, त्यामुळे ‘तू’ कोण हे शोधायला जागाच राहत नाही. मार्गदर्शकाबाबतही माझे मत ठाम आहे: मोठ्या सभांतल्या वक्त्यांपेक्षा तुमचे घर, तुमचा राग आणि तुमची भांडणे माहीत असलेली मंडळीतली एखादी वडीलधारी व्यक्ती गाठा, कारण मला जो प्रश्न हवा होता तो मला ओळखणाऱ्या माणसालाच सुचला.

थांबून वाचण्याची भीती बाळगू नका. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार दिला आणि पुढे वाचताना ते डोंगरावरील प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील येशूच्या उपदेशापाशी, खिळून राहिले. मला अडवणारी दोन वचने त्याच प्रवचनातली आहेत. टिळकांना त्या वाचनाची किंमतही मोजावी लागली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षे ताटातूट झाली.

मला मोजावी लागली ती त्या मानाने फार थोडी, तरी मोहननगर ते कामठी हे अंतर कापायला मला चार महिने लागले. ज्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, त्याच गावात राहून मी सख्ख्या बहिणीचे दार वाजवायला घाबरत होते. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी गेले आणि दारातच म्हणाले, ‘ताई, तुला विचारायला हवे होते, माझे चुकले.’ तिने पाणी दिले, कूलर माझ्याकडे वळवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग आईच्या शेवटच्या दिवसाचे तपशील तिने एकेक करून विचारले, आणि मी काही न लपवता, स्वतःची बाजू न मांडता, सगळे सांगितले. तिने क्षमा केली असे ती अजून म्हणालेली नाही. तेव्हापासून मी तिला एकही वचन पाठवलेले नाही. रविवारी उपासनेनंतर फोन करते आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी करते.