गुण्या बरोबर, तरी ड्रॉवर तिरका: माझा अनुभव

आतून ४५० × ६०० मि.मी. मापाच्या ड्रॉवरचे चारही कोपरे गुण्याला बरोबर दिसत, तरीही सरस वाळल्यावर तो कपाटात तिरका अडकत असे. मोठा गुण्या लावला, टेपने कर्णही मोजले. पण फळीला किंचित बाक असला तर गुण्या फसवतो आणि आतल्या कोपऱ्यात टेप वाकल्याने नेमके माप मिळत नाही. तीन ड्रॉवर असे बिघडल्याचे मला फार वाईट वाटले.

अखेर सागवानाच्या ५०० मि.मी. लांबीच्या दोन सरळ पट्ट्या रंधून प्रत्येकीचे एक टोक तिरके कापून अणकुचीदार केले. टोके बाहेरच्या बाजूस ठेवून पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या, ती समोरासमोरच्या आतल्या कोपऱ्यांत टेकताच (येथे कर्ण ७५० मि.मी. येतो) पट्ट्या लहान क्लॅम्पने घट्ट आवळल्या आणि तीच जोडी, माप हलू न देता, दुसऱ्या कर्णावर धरली. फट राहिली तर दुसरा कर्ण मोठा. जोडी मावलीच नाही तर पहिला मोठा. सरस ओला असतानाच मोठ्या कर्णाच्या दिशेने क्लॅम्प लावून तो कर्ण फरकाच्या निम्म्याने कमी करावा, कारण एक जितका घटतो, जवळजवळ तितकाच दुसरा वाढतो. समोरासमोरच्या फळ्या समान लांबीच्या असल्याची खात्री मात्र आधीच करावी. अन्यथा कर्ण जुळूनही कोपरे काटकोनात नसतात. सर्व क्लॅम्प आवळून झाल्यावर दोन्ही कर्ण पुन्हा तपासावेत, कारण शेवटच्या आवळण्यातही चौकट हलते.