पान प्रायव्हेट, फाइल उघडी : वर्डप्रेसच्या परमिशनमध्ये या चुका टाळा

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधला परमिशनचा, म्हणजे कुणाला काय बघता-बदलता येईल याचा, घोळ निस्तरायला फोन आला की समोरचा काय बोलणार हे मला आता पाठ झालंय. "सर, मी तर पान प्रायव्हेट केलं होतं."

पान केलं होतं हो. फाइलचं काय?

एका पतसंस्थेची साइट माझ्याकडे होती. संचालकांसाठी एक पान, त्यावर थकबाकीदारांच्या यादीची पीडीएफ. पान चढवल्यावर दोन दिवसांनी व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की हे पब्लिक आहे. त्यांनी व्हिजिबिलिटी 'प्रायव्हेट' केली, लॉगआउट करून पाहिलं, ४०४ म्हणजे 'पान सापडलं नाही' दिसलं, विषय संपला. तीनेक महिन्यांनी रात्री साडेनऊला चेअरमनसाहेबांचा फोन. "अहो, एका सभासदाच्या जावयानं गुगलवर सासऱ्यांचं नाव टाकलं, तर आपली यादीच उघडली. उद्या ते ऑफिसात येणार आहेत." यादीत नाव, खातं, रक्कम, जामीनदार, सगळं.

झालं असं की त्या दोन दिवसांत गुगल येऊन गेला होता. पान नंतर बंद झालं, पण पीडीएफचा पत्ता त्याला कळला होता आणि तो पत्ता चालूच होता. वर्डप्रेसमध्ये पान असतं डेटाबेसात आणि त्यावर पहारा वर्डप्रेसचा. फाइल मात्र अपलोड्स फोल्डरमध्ये, त्या वर्षाच्या आणि महिन्याच्या फोल्डरात जाऊन पडते. संचालकानं टाकली की शिपायानं, फोल्डर तोच. कुणी तिचा पत्ता टाकला की वेब सर्व्हर ती परस्पर हातात देतो, वर्डप्रेसला विचारतसुद्धा नाही. पासवर्ड लावलेल्या पानाचीही हीच गत.

त्या रात्री आधी मीडिया लायब्ररीतून फाइल उडवली. मग सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात, रिमूव्हल्समध्ये पत्ता टाकला. ते साधारण ६ महिनेच लपवतं, पण फाइल जागेवर नसली की तेवढ्या काळात गुगल ती स्वतःच काढून टाकतो. क्रम उलटा करू नका. नवी यादी ठेवली पब्लिक एचटीएमएलच्या, म्हणजे जगाला उघड असलेल्या फोल्डरच्या, बाहेर, आणि लॉगिन तपासूनच फाइल देणारा छोटा कोड पीएचपीत, म्हणजे वर्डप्रेसच्याच भाषेत, लिहिला. यासाठी प्लगइन मिळतात, पण त्यातले काही नुसते एचटीअॅक्सेस नावाच्या सर्व्हरच्या फाइलमध्ये नियम घालतात आणि तुमचा सर्व्हर एनजिनएक्स या जातीचा असेल तर ती फाइल कुणी वाचतच नाही. म्हणून मी हातानंच लिहितो. (जावई दुसऱ्या दिवशी आले होते म्हणे. चहावर निभावलं.)

दुसरी चूक म्हणजे फाइल-फोल्डरांना ७७७ या आकड्याची परमिशन देणं. फोटो अपलोड होत नाही, शोधलं, कुणीतरी म्हणालं "७७७ देऊन टाक", आणि यांनी दिलं. घराचं दार अडकतंय म्हणून दारच काढून ठेवायचा प्रकार. ४ म्हणजे वाचणं, २ म्हणजे लिहिणं, १ म्हणजे चालवणं. तिन्ही मिळून ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे ७७७ दिलंत की सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोसेसला तुमच्या फोल्डरात काहीही लिहिता येतं. काही होस्टिंगवर तर एवढी मोकळीक दिसली की पीएचपी थेट ५०० एररच, म्हणजे सर्व्हरच बिघडल्याचा संदेश, देतं.

बहुतेक वेळा दुखणं मालकीचं असतं. रूटनं, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्यानं, लॉगिन करून कुणीतरी फाइली टाकलेल्या असतात आणि पीएचपी चालतं दुसऱ्याच यूजरच्या नावानं. प्लगइन अपडेट करताना वर्डप्रेस एफटीपीचा (फाइली चढवायच्या खात्याचा) पासवर्ड मागायला लागलं की मी आधी मालक बघतो. मालक सुधारा, मग फोल्डरला ७५५, फाइलला ६४४. डब्ल्यूपी-कॉन्फिग ही डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल मी ६०० ठेवतो. पीएचपीचा यूजर वेगळा असेल तर गट नीट लावून ६४०.

आता यातला घाईचा अवतार. ७७७ वाईट हे ऐकलेला एक मुलगा फाइलझिला या फाइली चढवायच्या प्रोग्राममध्ये गेला, ६४४ लिहिलं, 'रिकर्स इनटू सबडिरेक्टरीज'वर (आतल्या सगळ्याला हेच लावा) टिक केली आणि ओके. खालचे तीन पर्याय कोण वाचतो! फोल्डरचाही १ गेला. फोल्डरच्या बाबतीत १ म्हणजे आत शिरायची मुभा. ती गेली की आतल्या फाइली धडधाकट असून उपयोग नाही. सगळी साइट ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'. ते काम दोन फेऱ्यांत करायचं : 'डिरेक्टरीज ओन्ली' निवडून ७५५, मग 'फाइल्स ओन्ली' निवडून ६४४. पाच मिनिटं जास्त लागतात. लागू देत.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या.

कॉन्ट्रिब्यूटरला फोटो चढवता येत नाही म्हणून त्याला थेट अॅडमिनिस्ट्रेटर करणं. या दोन भूमिकांच्या मध्ये ऑथर आहे, एडिटर आहे.

एडिटरला इतरांची प्रायव्हेट पानं दिसतात. पगारपत्रक तिथे ठेवण्याआधी आठवा.

रोबोट्स टीएक्सटी या शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या फाइलमध्ये गुप्त फोल्डरचं नाव लिहिणं. ती फाइल कुणालाही उघडता येते. चोराला पत्ता लिहून दिलात.

अपलोड्सचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर फाइलींची यादी येत असेल तर आजच सर्व्हरवर ती बंद करा.

आणि तपासणी अॅडमिनच्या लॉगिनमधून करू नका. तुम्हाला सगळंच दिसणार. मी इन्कॉग्निटो खिडकी उघडतो आणि पानाचा नव्हे, पीडीएफचा पत्ता टाकतो. मग तोच पत्ता मोबाइल डेटावरून पुन्हा एकदा, कारण मधली कॅश, म्हणजे वाटेत साठवलेली प्रत, कधीकधी उडवलेली फाइलही आणून दाखवते.