डबी उलटी करा: तेल, साबण, शॅम्पू आणि क्रीममधले घटक कसे वाचावेत

बदामाचं चित्र आहे म्हणून बाटलीत बदाम तेल भरलंय असं समजू नका. तेल, साबण, शॅम्पू, क्रीम यांपैकी काहीही घेताना समोरची बाजू सोडून द्या. कामाची माहिती मागे, बारीक इंग्रजी अक्षरांत असते. माझं अकोट भागातल्या एका गावात कटलरीचं दुकान आहे. दोन डब्या हातात घेऊन कुणी विचारलं, "ताई, यातली कोणती बरी?" तर मी आधी दोन्ही डब्या उलट्या करायला लावते.

मागच्या बाजूचा मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, वापरायची मुदत यांतलं एक जरी नसलं तरी ती वस्तू परत ठेवा. पुडीवर घटकांची यादी नसेल तर घाबरू नका. 60 मिलीपेक्षा कमी द्रव आणि 30 ग्रॅमपेक्षा कमी घट्ट मालावर ती छापायची सक्ती नाही. त्याच शॅम्पूची मोठी बाटली मागून तिच्यावरची यादी वाचा, अंदाज येतो.

आता पहिली चार-पाच नावं पाहा. वजनाने बहुतेक माल तेवढ्यातच संपतो. शॅम्पू-क्रीममध्ये पहिलं नाव बहुधा पाण्याचं असतं, त्यात काही वावगं नाही. तेलात मात्र पहिल्या नावावरच निकाल लागतो. 'मिनरल ऑइल', 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'पॅराफिनम लिक्विडम' हे सगळं एकच, खनिज तेल. ते विष आहे असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, त्वचेला ते चालतं. पण ते केसाच्या वरच राहतं आणि खोबरेल आत शिरतं. बदामाचा भाव मोजून पॅराफिन कशाला घ्यायचं? खोबरेल 'कोकोस न्युसिफेरा' या नावाने, तीळ 'सेसॅमम इंडिकम' आणि बदाम 'प्रुनस अमिग्डॅलस' या नावाने लिहिलेलं असतं. ही तीन नावं कागदावर लिहून ठेवा. आयुर्वेदिक तेलावर प्रत्येक वनस्पतीचं वजन दिलेलं असतं आणि शेवटी 'ऑइल बेस क्यू.एस.' येतं, म्हणजे उरलेली सगळी जागा त्या तेलाने भरलेली. ते तेल कोणतं हे लिहिलेलं नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

खरी अडचण यापुढे आहे आणि मलाही हे उमगायला बराच काळ लागला. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, एवढं सगळेच सांगतात. पण हा नियम यादीच्या शेवटपर्यंत लागू नाही. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर येतात, पण आपसांत कुठल्याही क्रमाने. त्या भागात कोरफड आधी लिहून सुगंध मागे टाकला तर वाचणाऱ्याला वाटतं, कोरफड जास्त आहे. तसं काहीच ठरत नाही.

म्हणून एक टक्क्याची रेघ यादीत कुठे पडते ते आपणच शोधायचं. ती छापलेली नसते. माझी सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे 'फिनॉक्सीइथेनॉल'. माल टिकवण्यासाठी घालतात आणि एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. यादीत हे नाव आलं की त्याच्यानंतरचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पॅराबेनची नावंही तशीच धरा, तेही माल टिकवण्यासाठीच असतात आणि त्यांची मर्यादा आणखी खाली आहे. 'कार्बोमर', 'झँथन गम', 'डायसोडियम ईडीटीए' हेही सहसा रेघेच्या खालचेच. मिठाला, म्हणजे 'सोडियम क्लोराइड'ला, मात्र खूण धरू नका. शॅम्पू घट्ट करायला ते कधी रेघेच्या वर, कधी खाली असतं.

एक नमुना घ्या. हिरव्या जेलवर लिहिलंय: पाणी, ग्लिसरीन, कार्बोमर, फिनॉक्सीइथेनॉल, एलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस, सुगंध, रंग. दुकानात मला विचारतात, "काहून वो ताई, यात तं कोरफड लिहेल हाय ना?" लिहिली आहे, पण फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर. शंभर ग्रॅमच्या नळीत फार तर एक ग्रॅम रस. बाकी पाणी आणि ग्लिसरीन. दुसऱ्या नळीत तोच रस पाण्याच्या लगोलग आला असेल तर दहा रुपये जास्त देऊन ती घ्या. 'ज्यूस पावडर' लिहिलं असेल तर तो आटवलेला रस असतो, त्याला हा हिशोब तसाच लावता येत नाही.

रेघेखालचं सगळं फुकट, असंही म्हणू नका. सुरकुत्यांवरचं रेटिनॉल थोडक्यातच काम करतं. मुरमांवरचं सॅलिसिलिक ॲसिडही एक-दोन टक्क्यांच्या वर लागत नाही. पण केशर, चंदन, गुलाब, हळद यांचे अर्क रेघेखाली सापडले तर त्यांच्यासाठी जास्तीचा पैसा मोजू नका.

साबण सगळ्यात सोपा: 'टीएफएम' पाहा, म्हणजे त्यातल्या एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. ग्रेड 1 ला किमान 76 टक्के, ग्रेड 2 ला 70, ग्रेड 3 ला 60. 'बेदिंग बार' 40 वरही चालतो.

आमच्यासारखं खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट पाण्याच्या भागात, राहत असाल तर आणखी एक बघा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या भागात बोअरच्या पाण्यात साबणाची चिकट साय बनते आणि केस दोरीसारखे होतात. केसांना साबण लावूच नका. 'सोडियम लॉरेथ सल्फेट' असलेला साधा शॅम्पू अशा पाण्यात साबणापेक्षा चांगला चालतो, आणि यादीत ईडीटीए असेल तर आणखी बरं, कारण ते पाण्यातले क्षार धरून ठेवतं. सल्फेटचा शॅम्पू वाईट असं बरेच जण सांगतात, तो सल्ला इथे डोळे मिटून पाळू नका. कापूस वेचून हातापायाला भेगा पडल्या असतील तर रात्री साधी पेट्रोलियम जेली चोळा. तिच्या यादीत एकच नाव असतं आणि तेवढं पुरतं.

पुढचं नीट वाचा. गोरं करायची म्हणून किंवा गजकर्णावर म्हणून मेडिकलमधून आणलेल्या नळीवर 'बीटामेथासोन', 'क्लोबेटासोल' किंवा 'मोमेटासोन' लिहिलं असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, स्टेरॉइडचं औषध आहे. चार दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, आणि गजकर्ण दबून पुढे अंगभर पसरतं. शेजारणीला फरक पडला म्हणून तिची नळी लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर नळी सोबत घेऊन अकोला, यवतमाळ, नागपूर यांपैकी जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जा.

पारा तर यादीत बहुतेक लिहिलेलाच नसतो. आपल्याकडे क्रीममध्ये तो मुद्दाम घालायला मनाई आहे. नकळत आलेलाही 10 लाख भागांत 1 भागाच्या वर चालत नाही. तरी 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं गोरेपणाच्या क्रीममुळे बिघडल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. आठवड्यात गोरं करते असं कुणी म्हटलं, डबीवर घटक नाहीत, परवाना नाही, तर फुकट मिळाली तरी घरात आणू नका.

भाव ताडताना दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा काढा. शॅम्पूची पुडी अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

केस काळे करायची पावडर घेताना 'पॅरा-फिनिलीनडायमाइन' किंवा 'पीपीडी' हे नाव आहे का ते शोधा. केस काळे करणारं हे रसायन काहींच्या अंगाला सोसत नाही. पाकिटावर मेंदीचं पान असलं तरी ते आत असू शकतं. खरी मेंदी काळा रंग देत नाही, केशरी-तांबडा देते. लग्नाच्या आदल्या रात्री पहिल्यांदाच असा रंग लावू नका. चार दिवस आधी थेंबभर कालवून कानामागे लावा आणि 48 तास थांबा. खाज, फोड किंवा सूज आली तर तो रंग पुन्हा कधीच नको, दुसऱ्या नावाचाही नको, जर त्यातही पीपीडी असेल.