एसटीच्या खिडकीतून चित्राचा विषय कसा पकडावा

कोकणात चित्राला विषय हवा म्हणून वेगळी सहल काढायची गरज नाही. गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला जाणारी साधी एसटी पुरते. खिशात मावेल अशी वही आणि मऊ 4बी पेन्सिल घ्या. रंग घरीच ठेवा.

जागा उजव्या बाजूची, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची धरा. डावीकडच्या खिडकीला गडगे आणि झाडोरा अगदी चिकटून पळतात. उजवीकडे मध्ये रस्त्याची रुंदी असल्यामुळे नजरेला श्वास मिळतो. शिवाय दक्षिणेकडे जाताना समुद्रही त्याच बाजूला. सकाळची गाडी बरी, ऊन पाठीमागून येतं; दुपारनंतर तेच डोळ्यांवर येतं. चाकावरची सीट मात्र नको.

आता अवघड भाग. ‘दिसेल ते भराभर काढत राहा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि चालत्या गाडीत तो कुचकामी आहे. पागोळीची रेघ ओढेपर्यंत घर मागे गेलेलं असतं. उरलेलं हात सवयीने भरतो, आणि वहीभर एकच घर उमटतं: त्रिकोणी छप्पर, शेजारी वाकडा माड.

चालत्या गाडीत फक्त पाहायचं. जवळचं सोडून द्या, ते पळणारच. शंभरेक मीटर पलीकडची एकच गोष्ट धरा: खाडीतली होडी, सड्याची म्हणजे पठाराची कड, कौलारू घर. सगळ्यात गडद काय, सगळ्यात उजळ काय आणि दोन्ही कुठे भिडतात, एवढं टिपा. मग लगेच नजर खिडकीतून काढून समोरच्या सीटच्या पाठीवर न्या. हीच पायरी लोक गाळतात. बाहेर पाहत राहिलात तर पुढचं दृश्य आधीचं पुसून टाकतं.

नंतर काडेपेटीएवढी चौकट आखून त्यात तीन छटा भरा: गडद, मधली, कोरा कागद. आठवत नाही ती जागा रिकामी सोडा, कल्पनेने भरू नका. रेघ थरथरली तर थरथरू द्या. फाट्यावर किंवा चढावर गाडी रेंगाळली की बारकावे घाला.

रंग शब्दांत लिहा, पण ‘हिरवा’ असं लिहिलंत तर न लिहिल्यासारखंच. भात पोपटी, आंबा काळसर निळा, उन्हाविरुद्धचा माड पिवळट. जांभ्या दगडाचा चिराही तसाच: नवा तांबूस-नारिंगी, पावसाळे खाल्लेला काळपट. मोबाइलचा फोटो घराच्या खिडक्या मोजण्यापुरता ठीक. त्याची रुंद लेन्स डोंगराला बुटका करून लांब ढकलते.

हे जमत नसेल तर आधी दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर सराव करा. तिथे किनारा इतका सावकाश सरकतो की पाहणं आणि काढणं दोन्ही साधतं. पावसात एसटीच्या काचा धुरकटतात, तेव्हाही हीच सोय.

रंगवायचं त्याच रात्री, जलरंगात. तयार हिरवा ट्यूबमधून थेट लावू नका. गँबोज (पिवळा) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळा, गडद हवा तर थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). कागद जाड, 300 जीएसएमचा. कोकणातल्या दमट हवेत रंगाचा पहिला हात वरून वाळल्यासारखा दिसतो पण आत ओला असतो. बोटाची मागची बाजू टेकवा. कागद गार लागला तर दुसरा हात देऊ नका, नाहीतर रंग फुटून फुलकोबीसारखे डाग उठतात आणि ते निघत नाहीत.